खान्देशात प्रिम्युला: थंडी पुरते, नडतं ते पाणी

ओट्यावरची_बाग, जळगाव · २४ नोव्हेंबर

राम राम मंडळी. भरताची वांगी बाजारात आली, पहाटे स्वेटर लागायला लागला, म्हणजे नर्सऱ्यांमध्ये प्रिम्युला या थंडीतल्या फुलझाडाच्या रोपांचे क्रेट उतरायची वेळ झाली. दरवर्षी या दिवसांत कुणीतरी विचारतं की प्रिमरोझ, म्हणजे हाच प्रिम्युला, आपल्याकडे जगतो का, आणि दरवर्षी उत्तर ठरलेलं असतं: "ते थंड हवेचं झाड, जळगावच्या उन्हात काय टिकणार!" मला हे उत्तर पटत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांच्या वर जातो, हे खरंच आहे. पण मे महिन्यात प्रिम्युला लावायला कोण सांगतंय? डिसेंबर-जानेवारीत आपल्या रात्री १० अंशांच्या आसपास असतात, लाट आली की धुळ्याला पारा ५-६ पर्यंत उतरतो. या झाडाला हवी असते ती हीच गार रात्र. इंग्लंडात १८८१ साली माजी पंतप्रधान डिझरायली वारले, त्यांच्या स्मृतिदिनाला, म्हणजे १९ एप्रिलला, लोक प्रिमरोझची फुलं वाहायचे. तिकडे एप्रिलात हा बहर असतो, आपल्याकडे त्याच सुमारास आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) तयारी आणि ४२ अंशांचं ऊन. म्हणजे त्यांचा एप्रिल आपल्याला जानेवारीत गाठायचा आहे. रोप नोव्हेंबरच्या शेवटी कुंडीत, फुलं डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, होळीपर्यंत निरोप. एवढं एकदा मान्य केलं की निम्मी चिंता मिटते.

कोणता प्रकार घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा लावणार असाल तर मॅलाकॉइडिस. नाजूक देठावर मजल्यामजल्याने छोट्या फुलांचे झुबके येतात, पांढरे, गुलाबी, जांभळे. एका रोपाला बरेच दांडे येतात आणि एक उतरेपर्यंत दुसरा चढतो. मोठ्या झगझगीत फुलांचे, मधे पिवळा डोळा असलेले बुटके प्रिमरोझ दिसतात ते व्हल्गॅरिस आणि पॉलिअँथस गटातले. दिसायला फार देखणे, पण दिवसाचं तापमान तीसच्या वर गेलं की लगेच मान टाकतात. तिसरा ऑबकोनिका, त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहीन, कारण त्याला हात लावण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी.

जागा: पूर्वेचा ओटा किंवा पूर्वेची गॅलरी. सकाळचं कोवळं ऊन दहा-साडेदहापर्यंत, नंतर उजेड भरपूर पण ऊन नको. पश्चिमेची भिंत तर नकोच. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते आणि झाडाला जी गार रात्र हवी तीच मिळत नाही.

कुणाकडे काय अनुभव आहेत ते लिहा. विशेषतः पाण्याबद्दल.

तापीकाठ, यावल · २४ नोव्हेंबर

ताई, चांगला धागा. मी केळीवाला माणूस, फुलझाडं घरच्या लक्ष्मीची. पण माती आणि खत हा माझा विषय आहे म्हणून तेवढंच लिहितो.

वावरातली काळी माती प्रिम्युलाच्या कुंडीत एक मूठसुद्धा टाकू नका. आपली काळी ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. या झाडाची मुळं दोऱ्यासारखी बारीक आणि वरवर पसरणारी. माती फुगली की ती गुदमरतात, भेगाळली की तुटतात. शिवाय आपल्या जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) साडेसात-आठच्या पुढे, आणि याला हवा साडेपाच ते साडेसहा.

आमच्याकडे मिश्रण असं करतात: चार भाग कुजलेला पालापाचोळा, तीन भाग कोकोपीट, दोन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यायचं, त्यात मीठ असतं. शेणखत चाळून घ्या, हुमणीची अळी त्यात हमखास सापडते आणि एक अळी कुंडीतली सगळी मुळं संपवते.

वाळूचं एक सांगतो. आपल्या नदी-नाल्याच्या वाळूत चुनखडीचे बारीक पांढरट खडे असतात. वाळू चिमूटभर बशीत घ्या, वर लिंबू पिळा. फसफसलं की त्यात चुना आहे, ती वाळू या कामाला नको. मग त्याऐवजी परलाईट (फुगवलेले हलके पांढरे खडे) घ्या, किंवा भट्टीच्या विटेचे बारीक तुकडे चाळून घ्या.

आणि चुलीची राख, केळीच्या खोडाची राख अजिबात नको. राख सामू वर चढवते. गुलाबाला घालतो म्हणून याला घालू नका.

खत म्हणाल तर ठिबकातून सोडतो तेच १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. जास्त नत्र दिलं की कोबीसारखी पानं फुगतात आणि फुलांचा दांडा येतच नाही.

जाता जाता: गव्हा-हरभऱ्यात रब्बीला निळ्या बारीक फुलांचं जे तण येतं, दुपारी फूल मिटून घेणारं, ते याच कुळातलं आहे. जनावराला विषारी, म्हणून चाऱ्यात येऊ देत नाही. पण फूल हातात घेऊन बघा, पाच पाकळ्या आणि मधला डोळा पाहिला की भाऊबंदकी लक्षात येते.

नवी_कुंडी, भुसावळ · ३० नोव्हेंबर

नमस्कार. धागा वाचून मॅलाकॉइडिसची रोपं आणली, ताईंनी सांगितलं तशी पूर्वेला ठेवली. माती मिश्रण नर्सरीतूनच तयार आणलं. ऊन फक्त सकाळचं. तरी आठवडाभरात वरची कोवळी पानं पिवळी पडायला लागली आहेत. शिरा मात्र हिरव्या आहेत. खालची जुनी पानं ठीक आहेत. शेजारच्या काकू म्हणतात युरिया द्या. द्यावा का? पाणी आरओच्या बाजूच्या पाइपातून पडतं ते साठवून देतो, वाया जाऊ नये म्हणून.

ओट्यावरची_बाग, जळगाव · ३० नोव्हेंबर

दादा, युरिया नका देऊ. तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे.

आरओ मशीन पाणी दोन वाटांनी सोडतं. एका वाटेने प्यायचं, क्षार काढलेलं. दुसऱ्या वाटेने ते काढलेले सगळे क्षार घेऊन बाहेर पडणारं. म्हणजे तुमच्या बोअरच्या पाण्यापेक्षाही जड पाणी प्रिम्युलाला मिळतंय. ते पाणी फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा. कुंडीला नको, आणि या कुंडीला तर मुळीच नको.

पिवळेपणा कोवळ्या पानांत आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. नत्र कमी पडलं असतं तर खालची जुनी पानं आधी आणि शिरांसकट पिवळी पडली असती, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोहाचं तसं नाही, ते एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून नवं पान उपाशी राहतं. मातीत लोह असतंच. पण बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट हा क्षार दर पाण्याला साठत जातो, सामू सातच्या वर चढतो, आणि मग समोर असलेलं लोह मुळांना उचलता येत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला, पाणी बदला. पावसाळ्यात टाकीत साठवलेलं पाणी असेल तर सोनं. नसेल तर आरओचं प्यायचं पाणी. पाच-सहा इंची कुंडीला एका वेळी पेलाभर पुरतं, त्यामुळे चार-सहा कुंड्यांसाठी हे काही जड नाही. आधी कुंडीच्या तिप्पट चौपट पाणी हळूहळू ओतून खालून निथळू द्या म्हणजे साठलेला क्षार धुऊन जाईल. दुसरा, चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांना उचलता येईल असं बांधलेलं लोह. त्यात ईडीडीएचए असं लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए लिहिलेलं स्वस्त मिळतं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते निकामी होतं. ईडीडीएचए आपल्या क्षारी मातीतही टिकतं. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, मुळाशी. पाणी गडद लाल होतं, घाबरू नका, तो त्याचा रंगच आहे. पानांवर आणि फरशीवर सांडू नका, डाग पडतो.

पिवळं पडलेलं पान पुरतं हिरवं होईलच असं नाही. नवं निघालेलं पान बघत राहा, ते हिरवं निघालं की समजा काम झालं.

तापीकाठ, यावल · १ डिसेंबर

बरोबर. केळीच्या बागेत चुनखडीच्या पट्ट्यात हाच प्रकार होतो. ईडीडीएचए कृषी केंद्रात छोट्या पुडीत मिळतं. एखाद्या केळीवाल्याकडून चमचाभर मागून घेतलं तरी हंगाम निघेल.

साक्रीकर, धुळे · ३ डिसेंबर

बठ्ठास्ले राम राम. आमच्या साक्री-पिंपळनेर पट्ट्यात रात्री अजून गार असतात, त्यामुळे पॉलिअँथससुद्धा चांगला फुलतो. मी नर्सरीतून आणलेल्या रोपाबद्दल एक गोष्ट सांगतो जी फार कुणी सांगत नाही.

रोप आणलं की कुंडीसकट नका ठेवू, हलक्या हाताने बाहेर काढून मुळांचा गोळा बघा. बऱ्याच वेळा गोळ्याच्या मधे दाबून भरलेल्या कोकोपीटचा एक छोटा तुकडा असतो, कधी त्याभोवती बारीक जाळीही असते. रोप लहान असताना त्यात वाढवलेलं असतं. तो गोळा एकदा कोरडा झाला की पाणी पीत नाही. आपण वरून पाणी घालतो, ते बाजूच्या मोकळ्या मातीतून सरळ खाली निघून जातं, बशीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं भरपूर झालं. आणि आतला गोळा भुशासारखा कोरडा. रोप दुपारी मान टाकतं. आपण अजून पाणी घालतो. मग बाजूची माती चिखल आणि मधलं मूळ कोरडं, दोन्हीकडून मार.

म्हणून रोप आणलं की कुंडीसकट बादलीत ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. निथळू द्या. मग गोळा बाहेर काढा, जाळी असेल तर कात्रीने दोन ठिकाणी कापून अलगद सोडवा, मुळं ओढू नका. नव्या कुंडीत लावताना पानं जिथून फुटतात तो मधला गाभा मातीच्या बरोबर किंवा किंचित वर राहिला पाहिजे. गाभा मातीखाली गेला की कुजलाच समजा. पाणी कडेने द्यायचं, पानांच्या मधोमध ओतायचं नाही. आणि सकाळी द्यायचं, संध्याकाळी ओलं राहिलेलं पान रात्रीच्या गारठ्यात करडी बुरशी धरतं.

कुंडी मातीचीच घ्या. कडेने पाणी झिरपून उडतं आणि मूळ गार राहतं. फेब्रुवारीत परातीत ओली वाळू पसरून त्यात कुंड्या ठेवल्या की अजून काही दिवस मिळतात. फक्त कुंडीचं बूड साठलेल्या पाण्यात उभं राहता कामा नये.

पानाफुला, चोपडा · १२ डिसेंबर

माझ्या मॅलाकॉइडिसला दांडे आले, कळ्याही धरल्या. पण कळ्यांच्या खालच्या हिरव्या भागावर आणि दांड्यावर पांढरी पूड दिसतेय. भुरी आली का? गंधकाची पूड घरात आहे, ती मारू का? की पिठ्या ढेकूण आहे?

ओट्यावरची_बाग, जळगाव · १२ डिसेंबर

थांबा ताई, काही मारू नका! ती त्या झाडाची स्वतःची पूड आहे. प्रिम्युलाच्या बऱ्याच जातींना अशी पांढरी किंवा पिवळसर पूड येते, झाड ती बारीक केसांच्या टोकांतून स्वतःच तयार करतं. मॅलाकॉइडिसला फुलाच्या खालच्या वाटीवर ती हमखास असते, तेच त्याचं रूप आहे.

ओळखायचं कसं? भुरी असेल तर पानाच्या वरच्या बाजूला वेडेवाकडे डाग पडतात, ते पसरत जातात आणि पान आकसतं. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाचा पुंजका दिसतो, पानाच्या बेचक्यात बसतो, काडीने हलवला की आतून गुलाबट किडा निघतो आणि जवळपास मुंग्या असतात. तुमच्या झाडावर पूड सगळ्या कळ्यांवर सारखी, चाळणीने भुरभुरल्यासारखी असेल आणि कळ्या टवटवीत असतील तर काही काळजी नाही. बोट फिरवून पुसू नका, पुसलेली जागा तशीच उघडी दिसत राहते. वरून पाणी मारलं तरी ओघळ पडतात.

पानाफुला, चोपडा · १२ डिसेंबर

अगदी तसंच आहे, सारखी भुरभुरलेली. भिंग लावून बघितलं तर साखरेच्या दाण्यांसारखी चमकते. बरं झालं विचारलं.

भुसावळ_जंक्शन · १९ डिसेंबर

ताई, ऑबकोनिकाचं लिहिणार होतात. आमच्या सौ.ना त्याची मोठी गोल फुलं आवडली म्हणून आणला. काल त्यांनी पिवळी पानं काढली, आज त्यांच्या बोटांच्या मधे आणि मनगटावर लाल पुरळ, खूप खाज. याचाच परिणाम का?

ओट्यावरची_बाग, जळगाव · १९ डिसेंबर

दादा, तसंच दिसतंय, पण आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि झाडाचं नाव सांगा, म्हणजे त्यांना लगेच उमजेल.

ऑबकोनिकाच्या पाना-देठांवर बारीक लव असते, तिच्यात प्रिमीन नावाचं द्रव्य असतं. ते काहींच्या त्वचेला सोसत नाही. सगळ्यांना होत नाही, पण एकदा झालं की पुढच्या वेळी थोडं लागलं तरी उठतं. पुरळ कधी त्याच दिवशी, कधी एक-दोन दिवसांनी येतं, म्हणून लोकांना झाडाशी संबंध लागत नाही. हात तोंडाला, डोळ्याला लागला की तिथेही. वहिनींना सांगा, त्या झाडाला आता हात लावू नका, हात साबणाने धुवा, ज्या कपड्यांत काम केलं ते वेगळे धुवा. झाड ठेवायचंच असेल तर दुसऱ्या कुणी हातमोजे घालून बघायचं, आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

प्रिमीन नसलेल्या ऑबकोनिकाच्या जाती पैदासकारांनी तयार केल्या आहेत, पण आपल्या नर्सरीत क्रेटवर जातीचं नावच नसतं. म्हणून ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे मी ऑबकोनिका सुचवत नाही. मॅलाकॉइडिसला हा त्रास क्वचितच.

भुसावळ_जंक्शन · २३ डिसेंबर

डॉक्टरांनी तेच सांगितलं. मलम दिलं, उतार आहे. झाड अंगणाच्या कडेला नेऊन ठेवलं. आभार.

गिरणेचा_गोटा, चाळीसगाव · ५ जानेवारी

मी ऑनलाइन 'प्रिमरोझ मिक्स' म्हणून बी मागवलं होतं. विक्रेत्याने पाठवलं ते इव्हिनिंग प्रिमरोझचं निघालं. ते वेगळ्याच कुळातलं झाड आहे, संध्याकाळी उमलणारं, त्याचं तेल काढतात. वाईट नाही, पण हवं ते नाही. बी घेताना पाकिटावर प्रिम्युला लिहिलेलं बघा.

माझा खरा प्रश्न: घरच्या झाडाचं बी धरता येतं का? पॉलिअँथसची एवढी फुलं आली पण बी नाही धरलं.

साक्रीकर, धुळे · ५ जानेवारी

भो, हा प्रश्न विचारलात त्याचा आनंद झाला, कारण मला या झाडातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

दोन वेगवेगळ्या रोपांची एकेक फुलं तोडा आणि नळीत सरळ वरून बघा. एकात मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा हिरवट ठिपका दिसेल, तो स्त्रीकेसराचा शेंडा, नळीच्या तोंडाशी आलेला. परागकोश खाली नळीच्या पोटात लपलेले. दुसऱ्यात ठिपका दिसणारच नाही, तोंडाशी पाच परागकोशांची पिवळी कडी दिसेल. फूल नखाने उभं चिरून बघा, त्यात स्त्रीकेसर आखूड, खाली राहिलेला. एका रोपाची सगळी फुलं एकाच प्रकारची असतात. चार्ल्स डार्विननं यावर काम केलं आणि १८६२ साली ते प्रसिद्ध केलं: एकाच प्रकारच्या फुलांचा आपसात संयोग केला तर बी कमी धरतं, दोन वेगळ्या प्रकारांचा केला तर भरपूर. एकाचे परागकोश ज्या उंचीवर, दुसऱ्याचा स्त्रीकेसर त्याच उंचीवर. किड्याच्या सोंडेला पराग जिथे चिकटतो तिथेच तो पुढच्या फुलात पुसला जातो.

तुमची सगळी रोपं एकाच प्रकारची असतील, किंवा किडेच फिरकले नसतील. डिसेंबरच्या थंडीत ओट्यावर मधमाशी कमी. बारीक, कोरडा कुंचला घ्या, सकाळी ऊन चढल्यावर एका प्रकारातून पराग उचला आणि दुसऱ्यात ठेवा. फक्त नर्सरीत मिळणारी रोपं बहुतेक संकरित, त्यामुळे बियांतून आईसारखाच रंग येईल याची खात्री नाही. रंग वेगळा आला तर मला तरी आवडतो.

बोंड तपकिरी झालं की लगेच काढा, बी बारीक तपकिरी भुकटीसारखं असतं. या बीचं आयुष्य कमी. उन्हाळ्यात कपाटात राहिलं की उगवण पडते. पूर्ण वाळवून, झाकणबंद बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

गिरणेचा_गोटा, चाळीसगाव · ६ जानेवारी

बघितलं! चारही रोपं टाचणीवाली. पाचवं दुसऱ्या प्रकारचं शोधायला आज नर्सरीत गेलो, क्रेटमधली फुलं वाकून वाकून बघत होतो. मिळालं. पेरणी कधी करायची?

साक्रीकर, धुळे · ६ जानेवारी

इथेच आपली खरी अडचण आहे. बी रुजायला १५ ते १८ अंश लागतात, २० च्या वर ते रुसतं. आणि पेरल्यापासून फुलापर्यंत मॅलाकॉइडिसला पाच-सहा महिने. जानेवारीत फूल हवं तर पोळ्याच्या सुमारास पेरायला हवं, तेव्हा आपल्याकडे दिवसा तीस अंश आणि दमट. दसऱ्याला पेरलं तर ऑक्टोबरचा उकाडा. दिवाळीनंतर पेरलं तर रुजेल छान, पण फुलायला चैत्र उजाडेल.

एक वाट आहे. घरात जिथे एसी चालतो त्या खोलीत खिडकीजवळ पसरट भांडं ठेवायचं. बारीक चाळलेलं कोकोपीट ओलं करून वर बी नुसतं पसरायचं, मातीने झाकायचं नाही, कारण याला रुजायला उजेड लागतो. वर काच किंवा प्लॅस्टिक, रोज थोडा वेळ उघडायचं. पाणी खालून, भांडं परातीत ठेवून. दोन ते चार आठवडे लागतात आणि सगळं एकदम उगवत नाही, म्हणून लवकर टाकून देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या पानाला छोट्या कपात हलवा. पण खरं सांगू? चार कुंड्यांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा नाशिक-पुण्याकडून आलेली तयार रोपं नोव्हेंबरच्या शेवटी घ्या. बी पेरायचं ते त्यातलं सुख हवं असेल तर.

नवी_कुंडी, भुसावळ · १४ जानेवारी

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. पाणी बदललं, लाल औषध दिलं. नवी पानं हिरवीगार निघाली आणि तीन कुंड्यांना दांडे आलेत. जुनी पिवळी पानं तशीच राहिली, ती काढून टाकली. आरओचं वाया जाणारं पाणी आता फरशीला.

तापीकाठ, यावल · १० फेब्रुवारी

दुपार आता तापायला लागली. पानाच्या खाली बघत चला. पानावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं दिसलं की लाल कोळी. कोरड्या गरम हवेत तो फार वेगाने वाढतो. पहिल्यांदा दिसला की ते पान काढून टाका, बाकी पानांच्या खालून निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, संध्याकाळी उन्ह उतरल्यावर. फुलांवर मारू नका. मावा असेल तर नुसत्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानेही निघतो.

पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी असेल तर आता बांधा.

सातपुडा_पायथा, शहादा · १८ फेब्रुवारी

माझं थोडं वेगळं मत मांडतो. सगळे म्हणतायत होळीला निरोप द्या. व्हल्गॅरिस मुळात बहुवर्षी झाड आहे, थंड देशात वर्षानुवर्षं एका जागी राहतं. आमचं तोरणमाळला येणं-जाणं असतं. ते हजार मीटरच्या वर आहे, मे महिन्यातही रात्री गार असतात. फुलं संपलेली रोपं मी या आठवड्यात तिकडे नेऊन झाडाच्या दाट सावलीत ठेवणार आहे. दिवाळीनंतर परत आणीन.

ओट्यावरची_बाग, जळगाव · १८ फेब्रुवारी

दादा, जरूर करा, आणि रोपं व्हल्गॅरिस किंवा पॉलिअँथसचीच न्या. मॅलाकॉइडिस एका हंगामाचंच झाड म्हणून धरा, ते फुलून बी धरलं की थकतं, त्याला ओढून जगवण्यात अर्थ नाही.

मला तोरणमाळच्या उन्हाळ्यापेक्षा तिथल्या पावसाची धास्ती आहे. सातपुड्यात पाऊस लागला की आठवडाभर ऊन दिसत नाही, आणि गाभ्यात पाणी साठलं की दोन दिवसांत रोप कुजतं. झाडाखाली ठेवण्यापेक्षा पडवीच्या कडेला, जिथे उजेड येतो पण पावळीचं पाणी पडत नाही, तिथे ठेवा. नेण्याआधी गड्डा फोडून वेगळा करा, प्रत्येक तुकड्याला मुळं आणि दोन-तीन पानं हवीत, जुनी पानं काढून टाका. खत पाऊस संपेपर्यंत नको.

जळगावात मात्र हे करू नका असंच मी सांगेन. कूलरसमोर, न्हाणीघराच्या खिडकीत, माठाशेजारी ठेवून एप्रिल काढलेली रोपं मी लोकांकडे पाहिली आहेत. जगतात, पण पिचकी, बिनफुलांची, आणि मेच्या पहिल्या लाटेत जातातच. तेवढं पाणी आणि तेवढा जीव मोगऱ्याला द्यावा, तो उन्हाळ्यात आपल्या हाकेला ओ देतो.

पानाफुला, चोपडा · १९ फेब्रुवारी

माझ्या कुंड्यांत अजून फुलं आहेत, पण दांडे आखूड येतायत. सुकलेले दांडे बुडापासून कापतेय. एक विचारायचं होतं: कुंडीतली माती पुढच्या वर्षी वापरता येईल का?

तापीकाठ, यावल · १९ फेब्रुवारी

प्रिम्युलाला नको. हंगामभराचा क्षार त्यात बसलेला असतो, आणि मूळकूज झाली असेल तर तिची बुरशीही. ती माती पसरून उन्हात तापवा आणि झेंडूला, सदाफुलीला वापरा, त्यांना काही फरक पडत नाही. कुंड्या मात्र ठेवा. बाहेरून पांढरा क्षार चढलेला दिसेल, तो ब्रशने घासून, रात्रभर साध्या पाण्यात बुडवून वाळवून ठेवा.

सातपुडा_पायथा, शहादा · १९ फेब्रुवारी

पुढच्या हंगामासाठी एक सुचवू का? शहादा-नंदुरबारकडे चांगली रोपं पोचतच नाहीत. सगळ्यांनी मिळून एक क्रेट मागवला तर?

ओट्यावरची_बाग, जळगाव · २० फेब्रुवारी

चालेल. मी जळगावात उतरवून घेते. ज्यांना हवी त्यांनी दसऱ्यापर्यंत इथेच लिहा: किती रोपं, मॅलाकॉइडिस की पॉलिअँथस. बी धरायचं असेल त्यांनी तसं सांगा, म्हणजे दोन्ही प्रकारच्या फुलांची रोपं निवडून ठेवता येतील. क्रेट नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेऊ, त्याआधी नको, दिवाळीच्या सुमारास दुपारी अजून ऊन लागतं. आणि पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली एक झाकणाचा ड्रम प्रत्येकाने लावून ठेवा. पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या, गच्चीची धूळ असते, त्यानंतरचं भरा. दोनशे लिटरचा एक ड्रम दहा कुंड्यांना अख्खा हंगाम पुरतो.